बू विनार्सोंचे खराटे

५ जुलै

अंगणातला खराटा पुन्हा गायब. बाजारातून चांगला हिरांचा, घट्ट बांधलेला नवा आणावा, दोन दिवस तो आंब्याच्या बुंध्याशी उभा राहावा, आणि मग एका सकाळी जागा रिकामी. चोर घरातलाच आहे. हे तो स्कूटरला बांधून कारखान्यात नेतात. का, तर "लागतो." एवढंच उत्तर. कच्चं तेल शुद्ध करायचा एवढा मोठा कारखाना, परदेशातून जहाजाने आलेली यंत्रं, आणि त्यांचं माझ्या खराट्यावाचून अडतं! मी म्हटलं, "झाडायला माणसं नाहीत का तिथे?" तर हे मान खाली घालून बुटाची नाडी बांधत बसले.

आमच्या जावा बेटावरच्या पुरुषांना राग आला तरी ते हसतात आणि पटलं नाही तरी मान डोलावतात. त्यांच्यातही विनार्सो म्हणजे कहर. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून मला यांच्या मनातलं कळण्याआधी कारखान्यातल्या शिपायाला कळतं.

म्हणून ही वही. कॉलनीत बोलायची सोय नाही. शेजारच्या यांतीने मिरची परतली की ठसका मला लागतो, मग माझा शब्द तिच्याकडे जायला कितीसा वेळ?

रस्त्यावर नवे फलक लागलेत. "स्वच्छ इंधन, स्वच्छ उद्या." किनाऱ्यावरच्या सगळ्या कारखान्यांना सरकारचा हुकूम आहे की डिझेलमधलं गंधक काढा. आमच्याकडचा त्यासाठीचा नवा प्लांट चौदा ऑगस्टला सुरू होणार, मंत्री येणार, स्वातंत्र्यदिनाआधी देशाला भेट देणार. बरंच होईल. माझ्या पांढऱ्या चादरी दोरीवर वाळता वाळता पिवळ्या पडतात, त्या तरी वाचतील. हा प्लांट यांच्याच हाताखाली उभा राहिला, पण फलकावर फोटो मोठ्या साहेबांचा, पाक हेर्मावान यांचा. तेही पोट आत ओढून काढलेला.

१२ जुलै

आज बायकांची आरिसान होती. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे घालायचे, चिठ्ठी निघेल तिने घ्यायचे, आणि बाकी वेळ एकमेकींच्या बांगड्या मोजायच्या. नवरा ज्या पायरीवर, त्या रांगेत बायकोची खुर्ची. मला इथे मुर्तिनिंग म्हणून कोणी ओळखत नाही. साहेब तेवढे 'पाक', त्यांच्या बायका 'बू'; मी बू विनार्सो, दुसरी रांग.

चहा सुरू झाला तशी मोठ्या साहेबांची बायको, बू हेर्मावान, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "बू विनार्सो, तुमच्याकडे खराट्याचं दुकान काढलंय का हो? आमचे म्हणत होते, तुमचे रोज एक घेऊन येतात. मंत्री यायचेत आणि प्लांटमध्ये जिकडे तिकडे खराटे! शेवटी साहेबांना हुकूम काढावा लागला, खराटे बंद म्हणून."

सगळ्या हसल्या. यांतीसुद्धा हसली, आणि तिचा नवरा तगुह तर आमच्या यांच्याच हाताखाली काम करतो! मीही हसले. आतून कान नुसते पेटले होते. घरी जाऊन या माणसाला चांगलं सुनवायचं असं ठरवूनच टाकलं.

पण निघताना बू हेर्मावान माझा हात धरून बाजूला घेऊन गेली. आवाज एकदम मधासारखा. "मनावर घेऊ नका हं. मंत्र्यांसमोर तुम्पंग ठेवायचा आहे, आणि तो तुमच्याच हातचा हवा. तुमच्यासारखा भाताचा सुळका कॉलनीत कोणाला जमतो?" मग समारंभासाठी सगळ्या बायकांना सारखं घालायचं बाटिकचं कापड दिलं. माझं कापड पहिल्या रांगेच्या रंगाचं! म्हणाली, "पाहुण्यांच्या खुर्च्या नव्या प्लांटच्या अगदी समोर मांडणार आहोत. तुम्ही माझ्या शेजारी बसा." आणि जाता जाता, "त्याआधी घरी एक छोटंसं सेलामतान करून घ्या ना. एवढं मोठं काम आहे. चार माणसं जेवली, दुआ झाली, की मनाला बरं वाटतं."

बाई तोंडाची फटकळ आहे, पण मनाने वाईट नसावी.

१५ जुलै

सुनवायचं राहून गेलं. हेच आज जेवताना आपणहून बोलले. पाइपांच्या सांध्यांत ज्या चकत्या बसवल्यात, त्या गॅस्केट चुकीच्या आहेत म्हणे. मागवल्या एका जातीच्या, आल्या दुसऱ्या. थंड असताना सांधा धरतात, तापल्यावर सोडतात. "सोडतात म्हणजे?" तर म्हणे, "हायड्रोजन बाहेर येतो. गंधक काढायला तोच लागतो." मोठे साहेब म्हणतात, थंड चाचणी पास झाली, सही करा. हे म्हणतात, गॅस्केट बदलल्याशिवाय करणार नाही. म्हणतात म्हणजे काय, साहेबांसमोर मान डोलावून "बघतो" म्हणतात आणि सही करत नाहीत.

मला खरंच संताप आला. एवढा प्लांट, मंत्र्यांची गाडी, सगळं गाव खोळंबलंय, आणि अडलंय कशावर तर एका चकतीवर! पलीकडच्या दोन कारखान्यांनी स्वच्छ डिझेल केव्हाच काढलं. आमचेच नेहमी मागे, कारण आमचे विनार्सो स्क्रू स्वतःच्या हाताने फिरवल्याशिवाय दिवा लागला असं मानत नाहीत.

उद्या हे सुराबायाला चाललेत, तिथल्या गोदामात बरोबरच्या गॅस्केट मिळतात का बघायला. आठवडाभर नाहीत. तेवढ्यात सेलामतान उरकून घेते. आले की खूश होतील.

२० जुलै

झालं एकदाचं. पहाटेपासून चूल. नारळाच्या दुधातला हळदीचा भात, अख्खी कोंबडी, खोबरं घातलेल्या उकडलेल्या भाज्या, आंबवलेल्या सोयाबीनचं तिखटगोड तेंपे. तुम्पंग असा उभा राहिला की यांती म्हणाली, "बू, याला कापायचं जिवावर येईल."

प्लांटवरचे सगळे पुरुष आले. चटईवर गोल बसले. दुआ म्हणायला म्बाह जोयो. म्हातारबा आता बरेच थकलेत, पण आवाज अजून खणखणीत. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "या घरचा हेतू काय?" घरधन्याने सांगायचं असतं. हे नव्हते, म्हणून मी दाराआडून म्बाहना सांगितलं आणि त्यांनी मोठ्याने म्हटलं, "विनार्सोंच्या घरचा हेतू असा की नवा प्लांट सुखरूप सुरू व्हावा." सगळे आमीन म्हणाले. चार घास खाल्ले, आणि उरलेलं प्रत्येकाने वेताच्या डब्यात बांधून घरी नेलं. माझ्या हातचं आज कॉलनीतल्या पोराबाळांच्या पोटात गेलं. किती छान वाटलं!

निघताना तगुह दारात घुटमळला. "बू, म्हणजे पाक विनार्सोंचं समाधान झालं म्हणायचं? सुराबायाला गॅस्केट मिळाल्या?"

मी म्हटलं, "अरे, घरात भात शिजलाय ना? मग आणखी काय विचारतोस?"

तो हसला, वाकून नमस्कार केला आणि डबा घेऊन गेला. मोठे साहेब स्वतः आले नाहीत, पण त्यांनी केळ्यांचा घड पाठवला. मान दिला म्हणायचा.

२३ जुलै

हे आले. पिशवी खाली ठेवायच्या आत विचारलं, "निंग, आपल्याकडे सेलामतान झालं?"

मी हौसेने सगळं सांगितलं. हे ऐकत ऐकत खाली बसले, ते बसलेच. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "तू माझ्या नावाने हो म्हणून मोकळी झालीस."

"मी भात शिजवला, मास, सही नाही केली!" भांडतानाही यांना मासच म्हणते मी.

"सही कोणी वाचत नाही, निंग. भात सगळ्यांनी खाल्ला."

मग एकेक बाहेर आलं. हे घरी यायच्या आधी कारखान्यात जाऊन आले होते. परवाच्या बैठकीत पाक हेर्मावान सगळ्यांसमोर म्हणाले, "विनार्सोंच्या घरी तर सेलामतानही झालं. हा माणूस घरात एक आणि ऑफिसात एक का बोलतो?" आणि कोणी काही बोललं नाही, कारण प्रत्येकाच्या घरी माझा डबा होता. या माणसांनी आजवर यांच्या शब्दाशिवाय एक झडप उघडली नाही. आता त्यांना वाटतंय की शब्द मिळाला. पुढच्या आठवड्यात प्लांट तापवायला घेणार. यांना सांगितलंय, तुम्ही थकलात, रजेवर जा, सही दुसरं कोणी करेल. सुराबायाला गॅस्केट मिळाल्या नाहीत. मागवल्यात, यायला वेळ लागेल.

मी आधी यांच्यावरच चिडले. म्हटलं, मला कोणी काही सांगत नाही, आणि मग माझ्या नावाने बोटं मोडतात! हे म्हणाले, "बरोबर आहे. मी सांगायला हवं होतं." झालं, भांडायचीही सोय ठेवली नाही. मोरीत जाऊन भांडी आपटली. एक पातेलं पोचलं.

आणि पातेल्याचा पोचा ठोकून काढताना आठवलं. सेलामतान कर असं मला सुचवलं कोणी?

२४ जुलै

सकाळीच ते बाटिकचं कापड घेऊन बू हेर्मावानच्या दारात उभी राहिले.

"या या, बू विनार्सो! ब्लाउज शिवायला टाकला नाही अजून?"

"हे सेलामतान तुम्ही सांगितलंत मला."

"मी?" डोळे एवढे मोठे केले. "मी नुसतं म्हटलं होतं. दुआ कधी वाईट असते का?"

"माझ्या नवऱ्याच्या तोंडचं 'नाही' तुम्ही माझ्या हातून पुसून काढलंत."

हसली बाई. खरंच हसली! "अहो, ती पुरुषांची कामं. पाइप काय आणि नट काय, आपल्याला काय कळतं त्यातलं? तुम्ही तुम्पंगकडे बघा. आणि हे बघा, घर कंपनीचं असतं, जरा जपून राहावं माणसाने. रागाच्या भरात काही बोलून जाऊ नये."

कापड तिच्या सोफ्यावर टाकलं आणि आले. मी अशी कधी वागले नव्हते. रस्त्यावरच्या फलकावर ते आत ओढलेलं पोट बघितलं आणि अस्सा संताप आला की काय सांगू! माझी चूल वापरली यांनी. माझा भात, माझे हात, माझ्या घरची दुआ. सहीचा कागद मिळेना म्हणून बाईच्या हौसेचा कागद केला.

२६ जुलै

आज यांना सरळ विचारलं, खराटे कशाला नेता. इतके दिवस मला वाटत होतं, अंगच्या चिकटपणाने झाडझूड करत असतील.

म्हणाले, "हायड्रोजन पेटला की ज्वाळा दिसत नाही. उन्हात तर नाहीच. माणूस चालत चालत आत जातो आणि मग त्याला कळतं. म्हणून जुन्या प्लांटच्या हायड्रोजनच्या पाइपांखालीही आम्ही खराटा पुढे धरूनच चालतो. हिरं पेटली की थांबायचं."

"आणि ती नवी यंत्रं? गळती ओळखणारी?"

"खोक्यात आहेत. तारा जोडायच्या राहिल्यात."

म्हणजे दोन वर्षांपासून माझ्या अंगणातला खराटा या माणसांच्या तोंडापुढे होता, आणि मी त्याच्यावरून घर डोक्यावर घेत होते. आरिसानमध्ये त्याच्यावर हसले, बाकीच्यांबरोबर! आता खराटे बंद, कारण मंत्र्यांच्या डोळ्यांना बरे दिसत नाहीत. गॅस्केट चुकीच्या, यंत्रं खोक्यात, आणि तापवताना तगुह आणि ती सगळी माणसं रिकाम्या हातांनी त्या सांध्यांखालून फिरणार. कशाच्या भरवशावर? माझ्या पिवळ्या भाताच्या.

रडले. मग रडण्याचाही राग आला.

२७ जुलै

म्बाह जोयोंकडे गेले. म्हटलं, "म्बाह, त्या दिवशीची दुआ परत घ्यायची आहे."

म्हातारबा कोंबड्यांना दाणे टाकत होते. "वेडी का खुळी तू, पोरी? दुआ काय उधार आणलेलं पातेलं आहे, परत करायला?"

"मग काय करू?"

"परत घेता येत नाही. नवी मागता येते."

"हेतू मी सांगेन. माझ्या तोंडाने. दाराआडून नाही."

"बायकांनी सांगायची पद्धत नाही," म्हणाले. मग हात झटकले. "पण भात तुझा होता. सांग."

यांना विचारलं, या वेळी आधी विचारलं. म्हटलं, "घर जाईल मास." हे म्हणाले, "घर कंपनीचंच आहे, निंग. भात आपला आहे." या माणसाने इतकी वर्षं हे असं बोलणं कुठे लपवून ठेवलं होतं कोण जाणे.

२९ जुलै

सगळ्यांना बोलावणं गेलं. एकाच घरी लागोपाठ दुसरं सेलामतान म्हटल्यावर तर सगळेच आले, कुतूहलाने. साधा पांढरा भात, उकडलेली अंडी, सुकी मासळी. तुम्पंग नाही. सुळका करायला हात वळेना.

म्बाहनी विचारलं, "या घरचा हेतू काय?" आणि मी चटईच्या कडेशी जाऊन उभी राहिले. पुरुषांनी माना खाली घातल्या. कोणीतरी खोकलं. मी म्हटलं,

"मागच्या वेळी तुम्ही इथे जेवलात, तो भात खोटा होता. मी नवऱ्याला विचारलं नव्हतं. हे घर म्हणत नाही की प्लांट तयार आहे. या घरचा माणूस म्हणतो की सांधे तापल्यावर सोडणार. ज्याला साहेबांचं ऐकून आत जायचं असेल, त्याला मी अडवू शकत नाही. पण रिकाम्या हाताने जाऊ देणार नाही."

कोणी आमीन म्हणेना. किती वाईट गेला तो वेळ! मग तगुहने म्हटलं, हळूच. मग बाकीच्यांनी.

मी सकाळी बाजारातले सगळे खराटे उचलून आणले होते. प्रत्येकाला जाताना डबा दिला आणि डब्याबरोबर एकेक खराटा. खराटेवाली विचारत होती, "बू, राजवाडा झाडायचाय का?" दारातून माणसं निघाली, एका हातात भात, एका हातात खराटा, आणि कोणी हसत नव्हतं. समोरच्या खिडकीत पडदा हलला. बू हेर्मावानच्या कानावर बातमी जायला काही उशीर लागणार नाही, हे मी इथे लिहून ठेवते.

२ ऑगस्ट

आज तापवायला घेतलं. साहेबांचा हुकूम. पण प्रत्येकजण खराटा घेऊन गेला. फाटकावर अडवलं तर म्हणे तगुह म्हणाला, "सेलामतानचा आहे. घरी ठेवला तर बायको रागावेल." सेलामतानच्या वस्तूला हात लावायची फाटकावरच्या माणसाची छाती झाली नाही.

हे रजेवर. दिवसभर आंब्याखाली बसून होते, एक घास खाल्ला नाही. मी सतत कारखान्याच्या बाजूला कान लावून. काहीच ऐकू आलं नाही. तेच जास्त वाईट.

उन्हं कलता यांती धावत आली, पायात चप्पल नाही. मला वाटलं संपलं सगळं. तिला बोलता येईना. मग म्हणाली, "पेटला, बू! त्यांच्या हातातला खराटा पेटला. समोर काही नव्हतं. नुसती हवा होती, आणि हिरं जळायला लागली."

"आणि तगुह?"

"मागे सरकले. ओरडले. सगळं बंद केलं. कोणाला काही झालं नाही." आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मी विचारलं, कुठे पेटला. तर ती म्हणाली, समोरच्या बाजूच्या सांध्याला, जिथे पाहुण्यांचा मांडव घालताहेत तिथे. पहिल्या रांगेच्या खुर्च्या तिथेच येणार होत्या.

हे आत गेले आणि नमाजाला उभे राहिले. मी चूल पेटवली. ज्वाळा दिसली, हे बघून बरं वाटलं.

१४ ऑगस्ट

समारंभ झाला! होय, झालाच. मंत्री आले, मांडव पलीकडे सरकवला होता, बटण दाबलं, टाळ्या वाजल्या. बटणाला काहीही जोडलेलं नव्हतं. स्वच्छ डिझेल म्हणून जी बाटली दाखवली, ती पलीकडच्या कारखान्यातून आणलेली. यांती सांगत होती, तुम्पंग हॉटेलातून मागवला आणि तो कापायच्या आतच एका बाजूला कलला. ते एक बरं झालं.

३० ऑगस्ट

यांच्या बदलीचा हुकूम आला. पूर्वेकडच्या कुठल्याशा बेटावर, डेपोत. कारण लिहिलंय, "अनुभवाचा लाभ." गॅस्केटचं जहाज कालच लागलं. बरोबरच्या आल्यात. बसवताना हे इथे नसतील. मी बोलत होते, शिव्याही दिल्या असतील, आणि हे गॅस्केट कोणत्या क्रमाने घट्ट करायच्या ते तगुहला कागदावर काढून देत होते. मी म्हटलं, "तुम्हाला राग येतच नाही का?" म्हणाले, "येतो. तू माझाही काढतेस, म्हणून भागतं."

५ सप्टेंबर

आज कारखान्याचं मासिक आलं. पहिल्याच पानावर पाक हेर्मावान, हातात कोरा करकरीत खराटा. मथळा, "परंपरेतून सुरक्षा: व्यवस्थापनाची अभिनव कल्पना." राजधानीतून बक्षीस मिळालंय म्हणे. यांचं नाव कुठेही नाही. तगुहचं नाही. माझं तर नाहीच, कारण मला इथे नाव नाही.

मी ते पान चुलीत घातलं. घालवेना, इतकं गुळगुळीत, पण घातलं.

दुपारी ऑफिसातला माणूस दारात. तगुहचा तो जळका खराटा यांतीने माझ्याकडे आणून ठेवलाय, तो हवा. स्वागतकक्षात काचेच्या पेटीत ठेवायचा आहे, साहेबांनी मागितलाय.

मी अंगणातच होते. त्याच खराट्याने झाडत होते. एका बाजूची हिरं कोळसा होऊन आखूड झालीत, त्यामुळे वाकावं जास्त लागतं आणि झाडलं कमी जातं.

"कोणाचा खराटा म्हणालात?"

"साहेबांचा, म्हणजे, तो प्रसिद्ध—"

"साहेबांना सांगा, हा मुर्तिनिंगचा आहे. आणि कामात आहे."

तो गेला. मी सगळं अंगण झाडलं, घर सोडायचं असलं तरी. मग खराटा नेऊन यांतीच्या दाराला, तगुह रोज जिथून बाहेर पडतो तिथे, संकट दूर राहावं म्हणून टांगतात तसा उलटा टांगला.